विरी

"मी असं कुठं म्हणले?"

बँकेच्या त्या काचेच्या खोलीत एसी इतका गार होता की काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता. टेबलावर काकूंच्या भाकरीच्या धंद्याला कर्ज मिळावं म्हणून मी तयार केलेला प्रकल्प अहवाल होता, स्पायरल बायंडिंग केलेला, वर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. समोरचा अधिकारी पंचविशी-तिशीतला, तेलंगणातून बदलून आलेला. मराठी जपून, एकेक शब्द तपासून बोलायचा. त्यानं सातवं पान उघडलं, बोट ठेवलं आणि काकूंना विचारलं, "मशीन आल्यावर रोज तीन हजार भाकरी. एवढ्या कोण घेणार?" काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "यंत्राची भाकरी माझं गिऱ्हाईक घेत नाही, साहेब. मी असं कुठं म्हणले?" आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होत्या. त्यानं फाईल हळूच मिटली. चिडला नाही. त्याच्या घरी ज्वारीच्या भाकरीला जोन्ना रोट्टे म्हणतात, आई अजून हातानंच थापते, एवढं तो सांगत बसला आणि शेवटी म्हणाला, "पुन्हा लिहून आणा. घाई नाही."

जिना उतरताना आम्ही दोघी काही बोललो नाही. खाली ऊन रणरणत होतं, सोलापूरचं फेब्रुवारीतलं ऊनसुद्धा अकरा वाजता डोळ्यांवर येतं. रिक्षात बसल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "लिहिलं चांगलंच असंल ताई तुम्ही. पण ते माझं नव्हतं." दत्त चौकात मी उतरले तेव्हा रिक्षाचं भाडं त्यांनीच दिलं. मी पर्समध्ये हात घालेपर्यंत कमरेच्या पिशवीतून नोट काढून त्यांनी रिक्षावाल्याच्या हातात ठेवलीही होती.

ते भाडं मला कित्येक दिवस टोचत राहिलं.

चौदा वर्षं मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. रिटर्न भरण्याचे महिने सोडले तर वर्षभर माझं मुख्य काम हेच, लोकांचे प्रकल्प अहवाल लिहिणं. पिठाची गिरणी, शेळीपालन, टॉवेलचे लूम, ब्युटी पार्लर, शेंगाचटणी, पापड. कॉम्प्युटरवर प्रत्येक धंद्याची एक तयार फाईल आहे. माणूस आला की नाव, पत्ता, आधार, कर्जाची रक्कम बदलायची. 'सदर उत्पादनाला बाजारपेठेत वाढती मागणी आहे' हे वाक्य मी किती वेळा छापलं असेल याचा हिशेब नाही. पहिल्या वर्षी यंत्राच्या क्षमतेचा साठ टक्के वापर, दुसऱ्या वर्षी सत्तर, तिसऱ्या वर्षी ऐंशी, ही आमच्या क्षेत्रातली ठरलेली पायरी. शेळ्यांचीही क्षमता साठ टक्के आणि कांडप यंत्राचीही साठच. विक्री दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढते. खर्च मात्र सहा टक्क्यांनीच. कर्ज पाचव्या वर्षी फिटतं आणि शेवटच्या ताळेबंदात एक टुमदार शिल्लक उरते. कोणी हे आकडे मागून विचारले नव्हते असं नाही, पण विचारले तेव्हा उत्तर मी द्यायचे. ज्याचा धंदा, तो शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेला असायचा.

काकू पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय हे मी विचारलंच नाही, हे आता कबूल करते. मी विचारलं, "अनुदान किती बसवायचं?" सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, आणि अशा योजनांचा भर यंत्रसामग्रीवर असतो. म्हणजे यंत्र दाखवायला हवं. यंत्र दाखवायचं तर कोटेशन हवं. एका विक्रेत्याकडून भाकरीच्या यंत्राचं साडेतीन लाखांचं कोटेशन मागवलं आणि त्या कोटेशनच्या मापानं सगळा अहवाल बेतला. तीन हजार भाकरी रोज. हा आकडा यंत्राच्या माहितीपत्रकातून आला होता, काकूंच्या घरातून नाही. काकूंनी सही करायच्या जागी सही केली, पानापानावर, सावकाश, जोडाक्षर आलं की थांबून. इंग्रजीत होतं सगळं. काय लिहिलंय असं त्यांनी विचारलं नाही, कारण ऑफिसातल्या बाईनं लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.

चार दिवसांनी मी न सांगता त्यांच्या घरी गेले. पहाटे पाचला. तेव्हा काम चालू असतं एवढं ठाऊक होतं.

अंगणात पत्र्याच्या आडोशाला दोन चुली आणि एक गॅसची भट्टी. काकू आणि आणखी तिघी. परातीत पिठाचा ढीग, मध्ये आळं करून त्यात आधणाचं पाणी. तळहाताच्या खालच्या भागानं पीठ रगडायचं, इतकं की कपाळावर घाम यावा. मग उंडा, मग थाप. सोलापूरची कडक भाकरी थापताना पाहिलेली नसेल त्याला सांगून कळणार नाही. भाकरी परातीत आपोआप गरगर फिरते, बोटं फक्त कडेला लागतात, आणि बघता बघता ती परातीएवढी होते, कागदासारखी पातळ. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. उलटली की फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत सगळीकडून सारखी शेकायची, आणि शेवटी चुलीच्या कडेला निखाऱ्याशी उभी करून ठेवायची. ओल पूर्ण निघाली पाहिजे. अर्धवट ओल राहिली तर भाकरी चार दिवसांत वास मारते, नीट निघाली तर महिना टिकते. वास काय सुंदर होता! ज्वारीचा, धुराचा, किंचित करपल्याचा. माझ्या आजीच्या लुगड्याला हा वास असायचा.

मी एक उंडा मागून घेतला. लहानपणी शिकलेली होते, हात विसरला नसेल असं वाटलं. भाकरी कडेनं चिरत गेली. काकूंनी पाहिलं आणि परात ओढून घेतली. "तुमचा दोष नाही, हे जुनं पीठ आहे, चहाबरोबर आम्हाला खायला ठेवलेलं. विरी गेली त्याची." दळून दिवस उलटत गेले की ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा जातो, कितीही रगडा, कितीही आधण घाला, भाकरी धरत नाही. म्हणून काकू तिसऱ्या दिवशी दळण आणतात, एकदम मोठं दळण कधीच नाही. परातीत चिरलेली ती भाकरी बघत मी बसले होते आणि मला माझ्या कॉम्प्युटरवरच्या फायली आठवत होत्या. कधीतरी कोणीतरी एका खऱ्या धंद्यासाठी पहिल्यांदा लिहिलेली वाक्यं असतील ती. त्या दिवशी ताजी असतील. मी त्यांच्यावर चौदा वर्षं भाकऱ्या थापत होते.

नऊ वाजता काम उरकल्यावर काकूंनी चहा टाकला आणि मी म्हणाले, वही दाखवता का? त्या जरा लाजल्या. वही म्हणजे नातीच्या शाळेतली उरलेल्या पानांची, सुतळीनं बांधलेली. डावीकडे गिऱ्हाइकाचं नाव नाही, खूण: 'निळं गेट', 'मास्तर', 'पुण्याचा पोरगा', 'हॉटेल पायरीचं'. उजवीकडे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी काट. मला त्या वहीतून एक सबंध धंदा वाचता येऊ लागला, आणि तो मी लिहिलेल्या धंद्यापेक्षा वेगळाच होता.

एक बाई तासाला पंचवीस भाकऱ्या करते, त्याहून वेगानं केल्या तर कडा जाड राहतात. चौघी, पाच तास, म्हणजे पाचशे. महिन्यात सव्वीस दिवस. तेरा हजार. हॉटेलं आणि खानावळी आठ रुपयांनी घेतात, घरगुती गिऱ्हाईक दहानं, सरासरी नऊ धरू. किलोला बारा भाकऱ्या. ज्वारी, दळण, थापणारणीला भाकरीमागे दोन रुपये, गॅस-सरपण, पिशवी आणि मोडतोड मिळून सात रुपये जातात. भाकरीमागे दोन रुपये उरतात. म्हणजे महिन्याला सव्वीस हजार. मी हे कागदावर मांडलं तेव्हा काकूंनी मान हलवली. "एवढे उरत नाहीत. उरले असते तर दिसले असते." मग आम्ही शोधत बसलो, कुठे जातात. सापडलं ते असं: घराचा किराणा, नातीची फी, नवऱ्याच्या गोळ्या, सगळं याच डब्यातून जात होतं आणि त्याची रेघ वहीत कुठे नव्हती. मी म्हणाले, "काकू, तुम्ही रोज सव्वाशे भाकऱ्या स्वतः थापता. बाकीच्या तिघींना मजुरी देता. तुमची कुठाय?" त्या हसल्या. "माझी कसली मजुरी? घरचंच काम." मी पंधरा हजार रुपये लिहिले आणि त्याच्यापुढे त्यांचं नाव लिहिलं. ते नाव त्या बराच वेळ बघत होत्या.

आणि ज्वारी. खरं दुखणं तिथं होतं. आमच्याकडची ज्वारी रब्बीची, मंगळवेढ्याकडची मालदांडी, टपोरी, मोत्यासारखी. माघ-फाल्गुनात काढणी झाली की बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि भाव उतरतो. त्या वर्षी पस्तीस रुपये किलोनं मिळत होती. दिवाळीपर्यंत तीच त्रेचाळीसला जाते. काकू महिन्याला दहा पोती लागतील तशी उचलत होत्या, जो भाव असेल त्या भावानं, कारण हॉटेलवाले पैसे महिन्यानं देतात आणि हातात एका वेळी एवढीच रक्कम. पन्नास पोती एकदम घेता आली तर किलोमागे आठ रुपये वाचतात. पाच हजार किलोला चाळीस हजार. काकूंनी हा हिशेब तोंडी केला, डोळे मिटून, ओठ हलवत, मी कॅल्क्युलेटरचं कव्हर उघडायच्या आत. "मला यंत्र नको हो ताई," त्या म्हणाल्या, "मला फाल्गुनात पैसे पाहिजेत."

म्हसवड इथून लांब नाही. तिथं माण तालुक्यातल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांच्या सोबतीनं स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला होता, कारण अर्जावर अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या बँक कशी चालवणार? बायका रात्री अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, मोजता येतं, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता सांगावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही गोष्ट मी अनेक प्रशिक्षणांतून ऐकलेली, टाळ्याही वाजवलेल्या. पण काकूंनी डोळे मिटून चाळीस हजार म्हटलं तेव्हा ती मला पहिल्यांदा समजली. मोजणारी बाई माझ्या शेजारीच बसली होती आणि मी तिच्या वतीनं यंत्राचं माहितीपत्रक उतरवून काढलं होतं.

माझ्या वडिलांनीही एक असा कागद लिहिला होता. मी तेव्हा चौथीत. चार पॉवरलूम टाकायचे, टॉवेल विणायचे. फुलस्केप कागदावर, मराठीत, त्यांच्या तिरक्या अक्षरात, खाली कार्बन घालून. ती कार्बनची प्रत अजून माझ्याकडे आहे, निळी अक्षरं आता जांभळट झालीत. 'मा. साहेबांस विनंतीपूर्वक सादर' इथून सुरुवात. कर्ज मिळालं. पहिला टॉवेल निघाला तेव्हा ते मला सायकलच्या दांडीवर बसवून चाटी गल्लीत एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. त्या व्यापाऱ्यानं दर विचारला नाही, वजन विचारलं नाही. पेल्यातलं थोडं पाणी टॉवेलवर ओतलं. पाणी थेंब होऊन वरच राहिलं. वडील म्हणाले, खळ आहे अजून, एक धुणं झालं की शोषेल. व्यापारी म्हणाला, "मग धुऊन आणा. घेणारी बाई दुकानात पाणीच टाकून बघते." वडिलांनी परत येताना सगळा रस्ता एक शब्द काढला नाही. पण पुढचा सगळा माल धुऊन, वाळवून गेला, आणि तो व्यापारी शेवटपर्यंत आमचं गिऱ्हाईक राहिला.

शेवट चांगला झाला नाही. सुताचे भाव चढले, टॉवेलचे चढले नाहीत, आणि माग एकेक करून भंगारात गेले. त्या कार्बन प्रतीत तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'सुताचा दर सध्याप्रमाणे राहील असे गृहीत धरले आहे.' मोठी झाल्यावर मी त्या वाक्यावर फार चिडायचे. एवढं चोख लिहिणाऱ्या माणसानं एवढी मोठी गोष्ट एका ओळीत गृहीत कशी धरली? कोणी विचारलं कसं नाही त्यांना? मग कधीतरी लक्षात आलं की माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानावर 'गृहीतके' असं शीर्षक असतं आणि त्याखालच्या ओळी मी कधी वाचतही नाही. वडिलांनी निदान स्वतःच्या हातानं गृहीत धरलं होतं.

काकूंना गिऱ्हाईक कसं मिळालं, हे मी त्या दिवशी विचारलं. पहिल्या अहवालात त्या जागी मी 'आकर्षक पॅकिंग व सोशल मीडियाद्वारे प्रसिद्धी' असं लिहिलं होतं. काकूंनी सांगितलं ते वेगळं. सात रस्त्याजवळच्या एका खानावळीत त्या दहा भाकऱ्या ठेवून आल्या, पैसे घेतले नाहीत, आणि मालकाला म्हणाल्या, "आज खाऊ नका. आठ दिवसांनी मोडून बघा." आठ दिवसांनी गेल्या. मालकानं त्यांच्यासमोर भाकरी मोडली, कट्ट असा आवाज झाला, आणि त्यानं रोज पन्नास सांगितल्या. पुण्याचा पोरगा इथलाच, तिकडे कंपनीत, रात्रीच्या लक्झरीनं खोकं मागवतो आणि तिथल्या सोलापूरकरांत वाटतो. त्याच्या खोक्यात एकदा चार भाकऱ्या मऊ निघाल्या. त्यानं फोनवर हसत सांगितलं, पैसे मागितले नाहीत. काकूंनी पुढच्या खोक्यात आठ जास्त घातल्या आणि तेव्हापासून प्रत्येक पिशवीवर पेनानं तारीख लिहितात, थापल्याची. मोडलेल्या भाकऱ्या स्वस्तात विकत का नाही, असं मी विचारलं, तुकड्यांना गिऱ्हाईक आहे की. तर म्हणाल्या, तुकडे खाल्लेला माणूस उद्या अख्खी भाकरीही तुकड्यांच्या भावात मागतो. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ते लिज्जत. त्यांनीही सुरुवातीला दोन प्रतीचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्त, आणि पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं होतं की एकच प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. काकूंना कोणी छगनबाप्पा भेटले नव्हते. त्या आपल्या आपण तिथं पोचल्या होत्या.

दुसरा अहवाल आम्ही त्यांच्या चुलीपाशी तीन सकाळी बसून लिहिला. आधी मराठीत, त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, मग वाचून दाखवायचं. एखादं वाक्य वाचलं की त्या म्हणायच्या, "हे काढा, हे मला साहेबांनी विचारलं तर सांगता येणार नाही." अशी बरीच वाक्यं गेली. 'वाढती मागणी' गेली. दर वर्षीचे दहा टक्के गेले. त्याऐवजी राहिलं ते एवढं: पाचवी बाई मिळाली तर सहाशे पंचवीस होतील, शेजारच्या आळीतली एक विड्या वळणारी यायला तयार आहे, पण तिला पातळ थापायला शिकायला चार महिने लागतील. पन्नास पोती ज्वारीचे पावणेदोन लाख. शेड, आणखी एक भट्टी आणि भाकऱ्या उभ्या ठेवायच्या जाळीच्या मांडण्या, नव्वद हजार. एकूण दोन लाख पासष्ट. काकूंचे स्वतःचे चाळीस. कर्ज सव्वादोन लाख. अनुदान नाही. मुद्रा योजनेतल्या किशोर गटात, म्हणजे पन्नास हजार ते पाच लाखांच्या मधे, ते बसत होतं. तारण लागत नाही.

बँकवाले एक गुणोत्तर बघतात, डीएससीआर. सोप्या भाषेत, हप्ते आणि व्याज भरायला जेवढे लागतात त्याच्या किती पट पैसे धंद्यातून सुटतात. दीडच्या वर असलं की त्यांना बरं वाटतं. माझ्या पहिल्या अहवालात ते साडेतीन येत होतं. या वेळी काकूंचे महिन्याचे पंधरा हजार बाजूला काढल्यावर वर्षाला एक लाख बत्तीस हजार उरत होते, आणि तीन वर्षांच्या फेडीत वर्षाचे हप्ते ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात. दीडच्या आसपास, जेमतेम. मला भीती वाटली. जुनी सवय उसळी मारत होती, विक्रीत थोडी वाढ घातली की पावणेदोन सहज होईल. मी लॅपटॉपवर तो आकडा घातलाही. मग काकूंकडे पाहिलं. त्या फडक्याच्या बोळ्यानं भाकरी दाबत होत्या, एकेक फुगवटा शोधून. मी आकडा काढला.

शेवटचं पान काकूंच्या आग्रहाचं. त्यांनी सांगितलं, "काय काय बिघडू शकतं तेही लिहा. साहेब विचारणार, आपणच आधी सांगू." ज्वारीला सोंडे लागतील: पोत्यांत कडुलिंबाचा पाला आणि महिन्यातून एकदा कडक ऊन. हॉटेलवाला पैसे बुडवेल: एकाकडे महिन्यापेक्षा जास्त उधारी चढू द्यायची नाही, आजवर दोघांनी बुडवले, रक्कम इतकी. माझा हात दुखला तर: सून शिकली आहे, तिच्या ताशी वीस होतात. पावसाळ्यात भाकरी सादळते: विक्री कमी धरली आहे, महिन्याला दहा हजार.

अधिकाऱ्यानं तेच शेवटचं पान आधी वाचलं. मराठी प्रत मागून घेतली आणि बोट फिरवत, अडखळत वाचली. मग तासभर फक्त काकूंशी बोलला. पाला कधी बदलता, वीस वर्षांत ज्वारी सगळ्यात महाग कधी झाली होती, त्या वर्षी काय केलंत. काकू सांगत होत्या. त्या महाग वर्षी त्यांनी भाव वाढवला नव्हता, पिशवीतल्या दहाच्या नऊ केल्या होत्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडानं तसं सांगितलं होतं. मी भिंतीशी असलेल्या खुर्चीत बसून होते. मला कोणी काही विचारलं नाही आणि मला त्याचं थोडं वाईटही वाटलं, हे लपवत नाही. चौदा वर्षं मी त्या टेबलापाशी बोलणारी होते. महिनाभरानं दोन लाख मंजूर झाले. उरलेले पंचवीस हजार काकूंनी बचत गटातून उचलले. फाल्गुन संपायला आठ दिवस होते. पोती त्याच आठवड्यात आली.

ऑफिसात मी आता माणसाला आधी वही मागते. बहुतेकांकडे नसते. काहींना माझा रागही येतो. शेजारच्या ऑफिसात दोन दिवसांत अहवाल मिळतो, इथं बाई घरी येऊन चूल बघते म्हणे. दोघं-तिघं उठून गेले. साहेबांनीही एकदा विचारलं, किती वेळ लावता एका फाईलला. माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. एका मुलाची रसवंतीची फाईल मी तीन आठवडे धरून बसले आणि तेवढ्यात मोसम निघून गेला. ते मनात आहे.

मागच्या मार्गशीर्षात काकूंकडे गेले होते. गड्ड्याच्या यात्रेच्या आधीची गडबड, मांडण्या भरलेल्या, पाचवी बाई बसलेली, तिच्या भाकरीच्या कडा अजून जरा जाड. काकूंनी ज्वारीच्या कोठीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून प्लास्टिकची पिशवी, त्यातून अहवालाची मराठी प्रत. कोपरे दुमडलेले, पानांवर पिठाची बोटं. महिनावार विक्रीच्या तक्त्यात माझ्या प्रत्येक छापील आकड्याशेजारी पेन्सिलीनं दुसरा आकडा होता, नातीच्या गोल अक्षरात. चैत्रात आमचे तेरा हजार, तिचे बारा हजार आठशे. वैशाखात तेरा हजार शंभर. आषाढात, वारीमुळे, थोडे जास्तच. श्रावणात माझे दहा हजार, आणि शेजारी ७,४००, त्याखाली एक शब्द: सादळ.

"हा पावसाळ्याचा आकडा आपला चुकला, ताई," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षीच्यात साडेसात घाला." आणि मी पेन शोधेपर्यंत त्या उठून तव्यावरची भाकरी उलटायला गेल्या होत्या.